रंकाळा, पाऊण किलो

एक थाऊ चुकला तर जॉब भंगारात जातो,
हे मला एकवीस वर्षं पाठ आहे.
उद्यमनगरात पंपाचे शाफ्ट काढतो मी.
डोळे मिटून बोट फिरवलं
तरी सांगतो, चढ कुठं राहिलाय.

पण क्रीमला व्हर्नियर लागत नाही.

पहिला केक फेब्रुवारीत, सरावाचा.
गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध,
त्याची आठ दिवसांची साय. घुसळत बसलो.
उज्ज्वला म्हणाली, आता थांबा.
मी म्हटलं, दोनच मिनिटं.
दोन मिनिटांत लोणी झालं.
झक्क लोणी. भाकरीवर घेऊन खाल्लं तिघांनी,
आणि कुकरात वाळूवर भाजलेला केक,
डावीकडं तीन सूत उंच,
तसाच उघडा, चहात बुडवून संपवला.

मग लक्ष्मीपुरीतून पावडरची पुडी आणली.
फिरतं ताट पाहिजे, म्हणाली पोरगी, दुकानात साडेचारशेला आहे.
साडेचारशे!
घरी पडलेलं जुनं बेअरिंग सोड्याच्या पाण्यात उकळलं,
वर ॲल्युमिनियमची चकती, दोन्ही बाजूंनी फेसिंग मारलेली.
बोटानं ढकललं की मिनिटभर गरगरतंय.
इलाहीनं बघितलं. "काय रं, कुठल्या पंपाचं हे?"
पोरीच्या वाढदिवसाचं, म्हटलं.
हसेल वाटलं. हसला नाही.
खणातून पितळेचा तुकडा काढून दिला,
"नोझल पण काढ की मग."

जेवणाच्या सुट्टीत काढलं.
आठ दाते, बारीक कानशीनं एकेक.
असं नोझल अख्ख्या राजारामपुरीत कुणाकडं नसेल.
त्यातून जे पहिलं फूल पडलं
ते गोगलगायीसारखं दिसत होतं.
दुसरं, पाय पडलेल्या गोगलगायीसारखं.
तिसऱ्याला दुधाची पिशवी बुडातून फुटली.

एप्रिलची नऊ. दुपारी लाइट गेली ती गेलीच.
इंद्रायणीला गुलाब नको होते, बाहुली नको होती.
रंकाळा पाहिजे होता.
"आणि पप्पा, संध्यामठ पण."
संध्यामठ ग्लुकोजच्या बिस्किटांचा बांधला,
कडेनं हिरवळ, मध्ये निळं पाणी,
घाटावर नाव लिहायचं ठरलं होतं.
इं लिहिताना हात थरथरला.
द्रा चांगला आला, तो मी दोनदा बघितला.
य जरा फुगला,
आणि णीला जागाच उरली नाही.

संध्याकाळी फ्रिज उघडला
तर हिरवं निळ्यात उतरलेलं,
बिस्किटं कमरेपर्यंत भिजून वाकलेली,
आणि णी काठावरून घसरून खाली ताटात.
मी झाकण शोधायला लागलो.
"नको झाकू," ती म्हणाली,
"केंदाळ पण आलंय बघ! अगदी खरा झालाय.
आणि णी पोहायला गेली."

नऊ पोरं होती. जिभा निळ्या करून
एकमेकांना दाखवत गॅलरीत नाचली.
शेजारच्या मगदूम काकूंनी दुसरा तुकडा मागितला,
त्यांना साखर चालत नाही.
ताटात शेवटी नुसतं बेअरिंग फिरत राहिलं.

रात्री शर्ट काढताना बघितलं,
पाठीवर पाच बोटं, निळी.
कधी येऊन बिलगली होती, कळलं नव्हतं.
आमच्यात दोन भाग जुळवताना निळा लावतात,
जिथं टेकतं तिथं डाग उठतो,
मग तेवढंच खरडायचं, परत लावायचं, परत बघायचं.

उज्ज्वला बादलीत साबण फेसत होती.
म्हटलं, हा नको.
हा उद्या बघू.